अण्णांच्या बेंजोचं चौथं बटण

आमच्या दोन खोल्यांच्या घरात सगळ्यात चांगली जागा बेंजोची होती. आतल्या खोलीत भिंतीला लागून आईची लोखंडी पेटी, पेटीवर घडी घातलेली गोधडी, आणि गोधडीवर आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला बेंजो. तिथं ऊन पोचत नव्हतं, स्टोव्हचा धूर पोचत नव्हता, आणि पावसाळ्यात पत्रे गळायचे तेव्हाही नेमकी तेवढीच जागा कोरडी राहायची. मी खिडकीखाली झोपायचे. झड आत आली की माझं अंथरूण ओलं व्हायचं आणि मी उठून आईच्या पायाशी जाऊन पडायचे. एकदा मी चिडून म्हटलं, बेंजोला खिडकीखाली ठेवा आणि मला पेटीवर झोपवा. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी भिजली तर पुसता येती. त्यो भिजला तर ह्यो माणूस चार दिवस जेवायचा नाय." अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथंच आरसा भिंतीला टेकवून दाढी करत होते. तोंडाला फेस असताना माणूस हसतो तसं जपून हसले फक्त.

दुकानात ज्याला बुलबुल तरंग म्हणतात, त्यालाच आमच्याकडे बेंजो म्हणत. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. अण्णांचा बेंजो दुकानातला नव्हता. ते एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. तिथले मोडके मराठी टाइपरायटर भंगारात निघाले तेव्हा त्यांनी साहेबांना विचारून बटणांची पिशवी भरून घरी आणली. पेटी केली चहाच्या खोक्याच्या प्लायवूडची. बटण दाबल्यावर तार जिथं टेकते तिथं खाच पाडून सायकलच्या स्पोकचा एकेक तुकडा आडवा बसवला. नखी शाम्पूच्या बाटलीतून कापलेली. तारा तेवढ्या मेनरोडच्या दुकानातून विकत आणलेल्या. बटणांवरची अक्षरं जशी हाताला लागली तशी रांगेत बसली होती. कुठे 'र', कुठे 'प', कुठे अर्धा 'च्'. अण्णा चौथी शिकलेले. सुरांची नावं त्यांना माहीत नव्हती. गाणं त्यांच्या डोक्यात अक्षरांनी असायचं. रस्त्यानं चालताना ते पुटपुटायचे, "र, र, ळ, ळ, प." नवख्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी बिनसलंय.

चौथं बटण 'ळ'चं होतं. या प्रकरणात मला त्या एका बटणाबद्दलच लिहायचं आहे. नीट लिहिता येईल की नाही, मला खात्री नाही. एवढ्या वर्षांत मी हे कोणाला सांगितलेलं नाही, आणि न सांगितलेली गोष्ट मनात फार हाताळून गुळगुळीत होते. तिचे कोपरे उरत नाहीत.

मी कॉलेजला जायला लागले तोवर बेंजो म्हातारा झाला होता. प्लायवूडला मधोमध पोक आलं होतं. उन्हाळ्यात ते वाढायचं, पावसाळ्यात पेटी फुगून थोडं सरळ व्हायचं. बटणांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या. दोन बटणं दाबली की दाबलेलीच राहायची, ती अण्णा अंगठ्याच्या नखानं उचलायचे आणि ते इतक्या सफाईनं करायचे की बघणाऱ्याला ती वाजवायचीच एक रीत वाटावी. तारांना गंज चढायचा, मग त्या खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसायच्या. एका कोपऱ्याला वाळवी लागली तेव्हा अण्णांनी तिथं घासलेट सोडलं, आणि त्यानंतर महिनाभर गाण्याला घासलेटचा वास येत होता. दर रविवारी दुपारी जेवण झालं की ते बेंजो मांडीवर घेऊन बसायचे. बाहेर नळावर कळश्यांचा आवाज, शेजारच्या घरातून सुकट भाजल्याचा वास, आणि आमच्याकडे अण्णांची ती डागडुजी. आधी मला ते बघायला आवडायचं. नंतर कंटाळा यायला लागला. आपल्या घरात काहीच नवं होत नाही, जुनंच पुन्हा पुन्हा दुरुस्त होतं, असं वाटायचं. त्या वयात असं वाटतं. आता माझे स्वतःचे गुडघे दर महिन्याला डागडुजी मागतात, तेव्हा अण्णांच्या त्या रविवारांमधला चिवटपणा कळतो.

आमच्या कॉलनीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, वास्तूला, कोणी वारलं की त्याच्या पुण्यानुमोदनाला ती गायला बसायची. मुख्य गायक दामूकाका. अण्णांचे ते लहानपणापासूनचे मित्र, दोघं येवल्याकडच्या एकाच गावातून नाशिकला आलेले. ढोलकी, टाळ वाजवणारे बदलत राहिले, पण दामूकाकांचा गळा आणि अण्णांचा बेंजो बदलला नाही. कोरसला दामूकाकांची बायको, राधामावशी. काळीसावळी, ठेंगणी, आणि आवाज असा की ढोलकीच्या वर ऐकू यावा. दामूकाका स्वतः गाणी रचायचे. त्यातलं एक राधामावशीवरच होतं. दोघांचं नवीन लग्न झालेलं, कॉलनीला एकच नळ, पहाटेपासून रांग. मावशीला उठायला उशीर व्हायचा, म्हणून काका तिची कळशी रांगेत नेऊन ठेवायचे. त्याचं गाणं: 'रांगेत उभी तुझी कळशी, तू ये गं सावकाश.' लग्नात हे गाणं लागलं की बायका राधामावशीला कोपरानं ढोसायच्या. ती म्हणायची, "कळशी ठेवली म्हून गानं रचलं. हंडा उचलला असता तर पोथीच लिवली असती यानं." आणि तरीही 'सावकाश' म्हणताना सगळ्यात मोठा आवाज तिचाच असायचा. त्या 'सावकाश'मधला 'का' लांबवायचा असे. तो लांबवलेला सूर म्हणजे 'ळ'चं बटण.

कॉलेजात जाणारी मी आमच्या घराण्यातली पहिली. पहिल्या वर्षी मी बहुतेक गप्पच असायचे. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, डबा जिन्याखाली खायचा, कोणी नाव विचारलं तर हळू सांगायचं. गाणं तेवढं मला येतं असं मला वाटत होतं. लहानपणापासून पार्टीच्या मागं बसून मी कोरस केलेला. म्हणून स्नेहसंमेलनाच्या समूहगीतासाठी मुली निवडायच्या होत्या तेव्हा मी धीर करून संगीताच्या बाईंकडे गेले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझं गाणं पूर्ण ऐकलं, मग हार्मोनियमवर एक पट्टी दाबून धरली आणि म्हणाल्या, "हा सूर लाव." मी लावला. "नाही, थोडा वर." मी पुन्हा लावला. त्या पट्टी दाबून धरून बसल्या आणि मी त्या सुराच्या खाली, अगदी जवळ पण खाली, घसरत राहिले. बाकीच्या मुली बाकावर बसून बघत होत्या. बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे तुझा. पण गंधार उतरलेला आहे. कोणाकडे शिकलीस?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही." ते खोटं होतं. तेवढं बोलून मी बाहेर आले.

घरी येऊन बेंजोवरचं लुगडं काढलं आणि चौथं बटण दाबून बघितलं. बाईंचा गंधार म्हणजे आमचा 'ळ', आणि तोही माझ्यासारखाच खाली लागत होता. मग बटणांच्या खाली वाकून पाहिलं. त्या बटणाखालचा स्पोकचा तुकडा खाचेतून सरकला होता. प्लायवूड मऊ पडलेलं, वर्षानुवर्षं त्याच बटणावर सगळ्यात जास्त जोर, त्यामुळं खाच रुंदावत गेली आणि स्पोक तांदळाच्या एका दाण्याएवढा मागं गेला. एका दिवसात गेला असता तर अण्णांना, दामूकाकांना लगेच कळलं असतं. पण तो इतका हळूहळू गेला, की त्याच्याबरोबर दामूकाकांचा गळा गेला, राधामावशीचा गेला, माझाही गेला. आम्ही सगळे एका दिशेनं इतके मिळून सरकलो, की कोणाला सरकल्यासारखं वाटलंच नाही.

हे मी अण्णांना सांगितलं नाही. कसं सांगायचं? अण्णा, तुमचा सूर चुकीचा आहे, असं? त्याऐवजी मी रोज मधल्या सुट्टीत संगीताच्या खोलीत जायला लागले. बाई परवानगी द्यायच्या. मी ती एक पट्टी दाबायचे आणि तिच्यावर आवाज टेकवायचे. महिनाभरानं तो टेकायला लागला. समूहगीतात मला घेतलं. मागच्या ओळीत, पण घेतलं.

त्याच हिवाळ्यात राधामावशी गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात, चौथ्या दिवशी घरी आणली ती चादर ओढूनच. दामूकाका ओट्यावर बसून होते. कोणी काही विचारलं की "बरं" म्हणायचे. जेवता का, बरं. झोपता का, बरं. आई रोज दोन भाकरी आणि डाळीचं पिठलं घेऊन जायची आणि समोर बसून त्यांना खायला लावायची.

पुण्यानुमोदनाचा दिवस ठरवायला मंडळी आमच्या ओट्यावर जमली. दामूकाकांचा पुतण्या मिलिंद तेव्हा सातपूरला कंपनीत लागला होता. त्यानं हप्त्यानं कॅसिओचा कीबोर्ड घेतला होता. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला पार्टीत यायची घाई झाली होती. तो म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. पण तुमचा बेंजो आता लय खडखडतो. कार्याला बाहेरगावची माणसं येनार. कॅसिओ लावू ना."

"खडखडतो तर खडखडतो," ढोलकीवाले सुदामकाका म्हणाले. "तू पन कंपनीत मशीनवरच हायेस की. सवय असंल तुला."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बोटाच्या पेरावरचा घट्टा खरवडायला सुरुवात केली. तेव्हा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसलेले दामूकाका म्हणाले, "राधीच्या कार्याला रंगाचाच बाजा वाजंल. तिचं गानं पयलं. म्होरं पार्टीत कोनाला घ्यायचं, कोनाला बसवायचं, ते त्या दिवशी ऐकून ठरवा. मला त्यात वढू नका."

रंगा म्हणजे रंगनाथ, अण्णा. ते उठून आत आले आणि पेटीवरच्या बेंजोवरून नुसता हात फिरवून परत बाहेर गेले. त्या रात्री आईनं केलेलं कालवण खारट झालं होतं, ते त्यांना कळलं नाही. मला मात्र सगळं कळल्यासारखं वाटलं. बाहेरगावच्या माणसांसमोर, माझ्या गंधारासारखा त्यांचा गंधार उघडा पडणार. कोणीतरी जाणकार असेल. तो बाईंसारखा चांगुलपणानं बोलणार नाही. आणि मग अण्णा पार्टीतून उठतील, कायमचे. त्यांच्याकडे दुसरं काय होतं? खाकी कपडे, साहेबाच्या टेबलावरची घंटा, आणि हा बेंजो.

पार्टीचा एक नियम होता. पार्टीतलं कोणी गेलं की कार्य होईपर्यंत कोणी वाद्याला हात लावायचा नाही. ढोलकी उलटी ठेवायची, टाळ फडक्यात बांधायचे. तो नियम कोणी केला होता ठाऊक नाही, पण पाळायचे सगळे. म्हणजे कार्याच्या दिवसापर्यंत अण्णा बेंजो वाजवून बघणार नव्हते. मी या नियमाचा विचार केला तो एवढाच, की आपण काय केलं ते त्यांच्या आधी लक्षात येणार नाही, आणि त्या दिवशी त्यांना एकदम खणखणीत सूर मिळेल. मला खरंच वाटत होतं की ते आनंदतील. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. तसं वाटत होतं, एवढंच.

कार्याच्या आदल्या दिवशी अण्णा कामावर गेल्यावर मी बेंजो चादरीत गुंडाळला आणि बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "बाळ हाय का काय? तोंड तरी उघडं ठेव त्याचं." मी त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही, पण शालिमारच्या थांब्यापर्यंत मी तो खरोखर बाळासारखाच धरला होता. कॉलेजात संगीताची खोली रिकामी होती. मोकळी तार मी हार्मोनियमशी जुळवली, मग 'ळ' दाबून कंपासमधल्या कर्कटकाच्या टोकानं स्पोक पुढं ढकलत गेले. एक केसभर, अजून एक केसभर. हार्मोनियमची पट्टी आणि तार यांचा आवाज आधी दोन होता, मग थरथरला, मग एक झाला. मला इतका आनंद झाला की मी खोलीत एकटीच हसले. तो पुन्हा कधी सरकू नये म्हणून, नळाची गळती थांबवायला दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावतात ती लांबी मी घेऊन गेले होते. ती खाचेत भरली, बोटानं सपाट केली. तासाभरात दगडासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामूकाकांच्या दारात मांडव होता. राधामावशीच्या फोटोपुढं मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली, दोन-तीन माणसं बोलली. मांडवामागं मटकीची उसळ शिजत होती आणि पुऱ्या तळायला तेल तापत होतं. पार्टी पुढं येऊन बसली. अण्णांनी बेंजोवरचं लुगडं सोडलं, मोकळ्या तारा पिळून लावून घेतल्या. मोकळ्या तारांवरून चौथ्या बटणाचं काही कळत नाही. मी बायकांत बसले होते. मिलिंद बाजूला उभा होता आणि कॅसिओ त्यानं काकांच्या खाटेखाली आणून ठेवला होता, वायर लावून.

दामूकाकांनी डोळे मिटून गाणं धरलं. 'रांगेत उभी तुझी कळशी.' आवाज थकलेला होता, पण जागेवर होता. 'तू ये गं साव...' आणि 'का'वर काकांचा सूर लागला, आणि अण्णांच्या बोटाखालून दुसराच लागला. दोन सूर एकमेकांना घासले. पत्र्यावर नख ओढावं तसं. काका थांबले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा तिथंच तसंच झालं. ढोलकी थांबली. मांडवात कोणीतरी खोकलं. काकांनी डोळे उघडले आणि अण्णांकडे बघितलं, रागानं नाही, आंधळ्या माणसाच्या हातातली काठी कोणी काढून घेतल्यावर तो बघेल तसं.

मिलिंद पुढं आला. "काका, कॅसिओ लावू का?"

अण्णांनी हात वर केला. "थांब जरा." ते बेंजोवर वाकले. 'ळ'च्या खाली त्यांनी बोट घातलं आणि ती लांबी त्यांच्या बोटाला लागली. हे मला दिसलं. मग त्यांनी मान वर केली. बायकांमध्ये त्यांची नजर फिरली, माझ्यावर आली, आणि थांबली नाही. पुढं गेली. जणू ते माणसं मोजत होते. "घे, दामू," ते म्हणाले. "पयल्यापासून घे."

काकांनी पुन्हा घेतलं. अण्णा मागं मागं चालले. आणि 'का' आला तिथं अण्णांनी बोट उचललं. नखी थांबवली. काहीच वाजवलं नाही. तिथं एकटा काकांचा आवाज उरला, उघडा, खाली उतरलेला, तो त्यांचा आणि राधामावशीचा सूर. 'श'वर अण्णा पुन्हा आत आले. दुसऱ्या कडव्याला सुदामकाकांच्या लक्षात आलं, तेही तिथं हात उचलायला लागले. तिसऱ्या कडव्याला कोरसच्या बायका गप्प व्हायला लागल्या. प्रत्येक वेळी सगळी पार्टी त्या एका जागी थांबायची आणि दामूकाका एकटे 'सावकाश' म्हणायचे. माझ्या शेजारची बाई पदर तोंडात घालून रडत होती. येवल्याकडून आलेला एक म्हातारा म्हणाला, "काय जागा सोडलीय, वा." त्यांना वाटलं, हे ठरवून बसवलेलं आहे.

जेवणं झाल्यावर मंडळी मांडवातच बसली होती. दामूकाकांनी विचारलं, "रंगा, त्यो सूर कुठं गेला रं?"

मी पाण्याचा जग घेऊन तिथंच उभी होते. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "झिजला. जुना झाला बाजा. पोरगं बरोबर बोलत होतं." मग मिलिंदला म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला तुझा आन रं. मी येत जाईन ऐकायला."

एवढं सोपं होतं ते. पंधरा-वीस वर्षांची जागा दोन वाक्यांत त्यांनी दुसऱ्याला दिली, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढं धरला.

घरी आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं. "कशानं बसवलास?" मी सांगितलं. "लय पक्का बसवलास," ते म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते थोडा वेळ खरवडत राहिले. प्लायवूडच्या कपच्या निघायला लागल्या तेव्हा थांबले. "राहू दे. भोक पडंल." मी रडायला लागले. बाईंचं, गंधाराचं, हार्मोनियमचं, सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांना कळलं ते एवढंच, की कॉलेजात चारचौघींत मला खाली बघावं लागलं होतं, आणि ते त्यांच्या बेंजोमुळं. ते म्हणाले, "मंग आधी का नाय बोललीस?" आणि उठून पाय धुवायला गेले.

पार्टीत कॅसिओ आला. चांगला वाजायचा. दामूकाका दोन-तीन कार्यक्रम गायले आणि मग त्यांनी घसा बसल्याचं कारण काढलं. अण्णा मात्र ठरल्याप्रमाणे ऐकायला जायचे, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसायचे, मांडीवर बोटं हलवायचे. घरी ते रविवारी वाजवायचे. पण कुठलंही गाणं असो, 'ळ' आला की बोट उचलायचे. गाण्यात तेवढी भोकं राहायची. आईला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण तीही एकदा म्हणाली, "उचक्या लागल्यावानी काय वाजवता?" मी पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि प्रत्येक भोकापाशी माझं वाचन अडायचं. तुमच्या बेंजोला वाचवायला गेले होते, असं कितीदा मनात म्हटलं असेल. पण हेही खरं आहे, आणि ते आज लिहायला हरकत नाही, की मला थोडीशी लाजही घालवायची होती. माझी, त्यांची नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात दामूकाका गावी निघून गेले, भावाकडे. तिथून त्यांची बातमी आली ती पावसाळ्याच्या शेवटी. अण्णा गावी जाऊन आले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी जेवण झाल्यावर बेंजो मांडीवर घेतला, तारा पुसल्या, आणि ते गाणं काढलं. कार्याच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पहिल्या ओळीत 'का'ची जागा आली, त्यांनी बोट उचललं, आणि तिथंच थांबले. एकटं गायला आता काका नव्हते. ते म्हणाले, "शालू, तू म्हन गं तिथं. दामूवानी म्हन."

मी पुस्तक मिटलं. त्यांनी ओळ घेतली. मी म्हटलं. ते मान हलवून म्हणाले, "खाली. थोडं खाली."

मी पुन्हा म्हटलं. मला तो सूर माहीत होता. लहानपणापासून मी त्याच सुरात वाढले होते, झोपेत लावला असता. डोळे मिटून मी राधामावशीचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं की आवाज त्या पट्टीवर जाऊन टेकायचा, जिथं टेकायला मी त्याला महिनाभर शिकवलं होतं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मुद्दाम खाली ओढला तर नुसता बेसूर व्हायचा. तो त्यांचा सूर नव्हता, माझी फक्त चूक होती. मी अण्णांकडे बघितलं. त्यांना समजलं होतं. कोरसच्या बायका कॅसिओच्या सुराला सरावल्या होत्या, कॉलनीत तो सूर लावू शकणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि बेंजोतला मी बुजवला होता.

"बरं," अण्णा म्हणाले. "येतो तसा म्हन."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. 'तू ये गं साव...' मी माझा सूर लावला, आणि त्या जागी अण्णांनी जवळजवळ वर्षानं 'ळ'वर बोट ठेवलं. दोन्ही आवाज एक झाले. कुठंही घासलं नाही. अण्णा पुढचं कडवं वाजवत गेले, भोक न ठेवता, अगदी व्यवस्थित.

आई आतून भांडी घासताना म्हणाली, "हे नवीन कोनतं काढलं हो गानं?"